सोम्नसच्या घरी कूलर नव्हता

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू झाला तशी माझी झोप गेली. आठ दिवस कळ काढली, शेवटी नागपुरातल्या धंतोलीतला एक डॉक्टर गाठला. त्यानं चिठ्ठीवर ‘इन्सोम्निया’ असं लिहून दिलं. घरी आल्याबरोबर आईनं विचारलं, “काय निघालं?”

“इन्सोम्निया.”

“म्हंजे?”

“झोप येत नाही.”

“हे तर तूच सांगाले गेला होता नं त्याले! मंग पाचशे रुपये कायचे घेतले त्यानं?”

रात्री दोनला मोबाइल उघडून बघितलं, तर आईचंच बरोबर निघालं. लॅटिनमध्ये ‘सोम्नस’ म्हणजे झोप आणि आधीचा ‘इन’ म्हणजे नाही. आपलं ‘स्वप्न’ त्याच मुळातलं. नातं एवढं जवळचं, पण माझ्या वाट्याला दोन्ही नाही. झोपेत चालणाऱ्याला सोम्नॅम्ब्युलिझम, बोलणाऱ्याला सोम्निलोक्वी. हा दुसरा आजार बायकोला आहे. शेजारी पडल्या पडल्या ती गोकुळपेठेतल्या भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. “भेंडी जून आहे, भौ.” आणि वर झोप गाढ!

सोम्नस हा रोमन लोकांचा झोपेचा देव, मृत्यूचा सख्खा भाऊ. ओव्हिड नावाच्या कवीनं त्याच्या गुहेचं वर्णन केलंय. तिथे कोंबडा आरवत नाही, कुत्रं भुंकत नाही. बिजागरी करकरेल म्हणून घराला दारच नाही. तोंडाशी खसखशीची फुलं, आणि आवाज म्हणाल तर खड्यांवरून झुळझुळणाऱ्या पाण्याचा तेवढा. आमच्या गल्लीत सात कुत्री. समोरच्यांचं लोखंडी फाटक रात्री दीडला शेवटचं आणि पहाटे साडेचारला पहिलं किंचाळतं. झुळझुळ मात्र माझ्याकडेही होती. कूलरच्या गवतावरून पाणी ठिबकत होतं, वाळ्याचा वास येत होता, आणि पापणी जडावली. खरंच जडावली.

तेवढ्यात ठिबकणं थांबलं. टाकी आटली, पंप कोरडाच गुरगुरू लागला आणि पंख्यानं भट्टीतली हवा तोंडावर फेकली. मी उठलो आणि अंधारात मोरीतून बादली उचलली. ती नळाला आपटली.

“झोपेत चालून राहिला का रे?” आतून आईचा आवाज.

“नाही आई, जागाच आहे.”

“मंग आज तरी टाकी पुरी भर. रोज अर्धीच भरतं अन् तीनले उठून बसतं.”