रहस्यकथेतले परदेशी गिऱ्हाईक

रहस्यकथेत प्राचीन मूर्तीची चोरी आली की तिच्यामागोमाग एखादा गडगंज परदेशी संग्राहकही येतो. बड्या हॉटेलातली खोली आणि चार वाक्ये, एवढेच त्याच्या वाट्याला येते. गुप्तहेर पुजारी, दलाल, गावातला प्रतिष्ठित अशा साऱ्यांच्या मागे लागतो. ज्याच्या पैशासाठी हे सगळे घडले, त्याला मात्र लेखक अलगद सोडून देतो. माझी तक्रार या सवलतीविषयी आहे.

सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या एका कथेत भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीचे शिर विकत घेणारा अमेरिकन धनिक आरंभीच विमान अपघातात मरतो आणि त्या शिराचा माग काढत फेलूदा वेरूळला पोहोचतो. युक्ती फक्कड आहे. पण त्या धनिकाला जाब विचारायची सोयही तिथेच संपते.

प्रत्यक्षातली हकीकत याहून रंजक आहे. तमिळनाडूतील शिवपुरमचा नटराज १९५० च्या दशकात दुरुस्तीसाठी बाहेर गेला आणि देवळात परतली ती त्याची नक्कल. अस्सल मूर्ती फिरत फिरत नॉर्टन सायमन या अमेरिकन उद्योगपतीकडे पोहोचली. भारताने दावा लावल्यावर १९७६ मध्ये तडजोड झाली: मालकी भारताची, पण मूर्ती आणखी दहा वर्षे त्यांच्याच संग्रहालयात. ती परत आली १९८६ मध्ये. वकील, करारमदार, जाणकारांची मते, एवढा ऐवज असताना आपले लेखक ग्राहकाला निव्वळ चेकबुक का समजतात?

शिवाय १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ मध्ये लागू झाल्यापासून शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यानंतरच्या काळातील कथेत ‘मला काही ठाऊक नव्हते’ म्हणणारा मुरलेला संग्राहक मला तरी पटत नाही.

आपल्या कोल्हापुरात तर असे कथानक हाताशी आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयाचे भूषण आहे. हातातल्या पिशवीत सहज मावेल एवढा हा ग्रीक समुद्रदेव व्यापाराच्या वाटेने पंचगंगेकाठी आला असावा. (म्हणजे त्या काळी परदेशी वस्तूंचे शौकीन गिऱ्हाईक करवीरातच होते!) तिच्यावर कोणी कथा रचलीच, तर पहारेकऱ्याची उलटतपासणी दोन परिच्छेदांत आटोपावी आणि ग्राहकासाठी आख्खे प्रकरण राखून ठेवावे. त्याला मूर्तीची पारख असावी, तिच्यावर त्याचा खराखुरा जीव असावा आणि विक्रेत्याकडे जुनी कागदपत्रे त्याने मुद्दामच मागितलेली नसावीत.