‘थ्रॉटल पुढे ढकलायला कसलं आलंय कसब?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

समुद्रातल्या पॉवरबोट शर्यतींच्या माझ्या आठवणींवर तुम्ही पोटतिडकीने लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखे तुमचे मुद्दे नाहीत, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. इतरांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की या शर्यती म्हणजे गर्भश्रीमंतांचे चोचले. त्यात कसब असं काही नाही, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पुढे ढकलला की उरलेलं सगळं इंजिनच करतं. आणि या खेळात जे गेले त्यांना मी वीर बनवून ठेवलं, त्यामुळे कोवळ्या वाचकांना मरणाचीही भूल पडेल. शेवटी तुम्ही थेट विचारलंत, ‘स्वतःच्या नातीला अशा बोटीत बसू द्याल का?’ त्याचं उत्तर टाळणार नाही, पण आधी बाकीचं.

पैशाचं पटकन सांगतो. बोटींचे मालक श्रीमंतच होते, यात वादच नाही. इंग्लंडमधली काउझ ते टॉर्की ही शर्यत १९६१ साली सुरू केली मॅक्स एटकिन या वृत्तपत्रमालकाने, आणि पहिल्याच वर्षी ती जिंकली टॉमी सॉपविथने, म्हणजे विमानं बांधणाऱ्या सॉपविथच्या मुलाने. मी त्या वर्तुळातला नव्हतो. मी इंजिनं उघडणारा पगारी माणूस, थ्रॉटलपाशी पुढे पोचलो. पेट्रोलच्या नासाडीबद्दल तुम्ही लिहिलंत तेही खरंच आहे. पण पैसा ओतला की शर्यत जिंकता येते, हे मात्र मान्य नाही. १९६९ साली ब्रिटनला फेरी घालणारी शर्यत झाली तेव्हा मोठमोठ्या, महागड्या बोटींना मागे टाकून पहिली आली ती मागे आउटबोर्ड इंजिनं लावलेली ‘अ‍ॅव्हेंजर टू’ नावाची छोटी बोट. तिच्यावर होता टिमो मॅकिनेन, फिनलंडचा रॅली ड्रायव्हर. आणि अमेरिकेची बेटी कुक? पन्नाशी ओलांडलेली बाई, १९७७ आणि पुन्हा १९७९ साली जगज्जेती. पैसा तिच्या प्रतिस्पर्ध्यांकडेही होताच की.

त्या पैशातून निघालं काय, हेही बघायला हवं. १९६० सालची अमेरिकेतल्या मायामीपासून बहामातल्या नासाऊपर्यंतची शर्यत खवळलेल्या समुद्रात झाली. तोवर वेगवान बोटींचा तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असायचा. शांत पाण्यात तो झकास पळतो, पण लाटेवर आदळला की बोटीचे सांधे आणि आतल्या माणसांचे मणके दोन्ही खिळखिळे होतात. त्या दिवशी डिक बर्ट्रामची ‘मॉपी’ सुमारे ८ तासांत नासाऊला पोचली. तिच्यामागून जवळपास दोन तासांनी दुसरी बोट आली, आणि उरलेल्यांपैकी ज्या पोचल्या त्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या दोन्ही बोटींचा आराखडा एकाच माणसाचा होता, रे हंट. त्याने तळाचा खोल ‘व्ही’ आकार पुढून थेट मागच्या टोकापर्यंत नेला होता. असा तळ लाटेला थप्पड मारत नाही, कापत जातो. तळाला लांबीच्या दिशेने बसवलेल्या पट्ट्या पाणी बाहेर फेकतात आणि बोटीला उचलतात. आज वादळात मोठ्या जहाजाकडे वाटाड्याला घेऊन जाणाऱ्या पायलट बोटी बघा, किनाऱ्यावरच्या गस्ती नौका बघा, त्यांच्या पोटाखाली बहुतेक वेळा हाच तळ असतो. तो कागदावर आधीही काढता आला असता. पण त्यावर विश्वास बसला तो मायामीहून निघालेल्या बोटी एकेक करून मागे पडल्या तेव्हा.

जाता जाता मराठी वाचकांसाठी एक गोष्ट. या खेळातला दुसरा थोर आराखडाकार सनी लेव्ही कराचीत जन्मला, आणि सुरुवातीच्या काळात त्याने काम केलं ते घरच्यांच्या मुंबईतल्या बोटबांधणीच्या कारखान्यात. त्याची ‘ए’स्पेरान्झिएल्ला’ १९६३ साली काउझ-टॉर्की जिंकली, ‘सर्फ्युरी’ १९६७ साली. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कसबाचं. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

आमच्या काळात मोठ्या बोटीत तिघं असत. एकजण सुकाणूवर, एकजण थ्रॉटलवर, तिसरा नेव्हिगेटर, म्हणजे वाट ठरवणारा. सुकाणू आणि थ्रॉटल वेगवेगळ्या माणसांकडे का? कारण थ्रॉटल हे एका माणसाचं पूर्णवेळचं काम आहे, आणि त्यातला मोठा भाग वेग सोडण्याचा आहे. लाटांच्या समुद्रात भरधाव बोट पाण्यात कमी आणि हवेत जास्त असते. ती माथ्यावरून उडाली की बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा पाण्याबाहेर येतो, त्याच्यावरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि इंजिन किंचाळायला लागतं. थ्रॉटल तसाच उघडा ठेवलात तर एक तर इंजिन झेपेल त्यापेक्षा जास्त फिरून मरतं, नाहीतर सुसाट फिरणारा पंखा तसाच पाण्यात घुसतो आणि तो हिसका शाफ्ट आणि गिअर मोडून टाकतो. म्हणून बोटीने पाणी सोडलं की थ्रॉटल मागे, आणि पंखा पाण्याला टेकण्याच्या किंचित आधी परत पुढे. लवकर मागे घेतला तर हवेतच नाक खाली पडतं आणि बोट पुढच्या लाटेत घुसते. द्यायला उशीर झाला तर बोट पाण्यात बसते, वेग मरतो, आणि मागची बोट बाजूने निघून जाते. हे प्रत्येक लाटेला करायचं, तासन्‌तास, आणि कुठलीही लाट आधीच्या लाटेसारखी नसते.

यात डोळ्यांइतकंच काम कानांना असतं. इंजिनाचा आवाज बोट उडायच्या आधीच किंचित हलका होतो. ते ऐकू आलं की हात आपोआप मागे यायला लागतो. नजर कधीही पायाखालच्या लाटेवर नसते, ती तिच्यापुढच्या दोन-तीन लाटांवर असते, कारण पायाखालच्या लाटेचं जे व्हायचं ते ठरून गेलेलं असतं. आम्ही उभे असायचो. पाठीला आणि कुशीला जाड गादीची टेकण, गुडघे कायम वाकलेले. बसलात की प्रत्येक आदळणं थेट मणक्यात जातं. उभं राहून ते घोट्यांत आणि गुडघ्यांत जातं, आणि माझ्या वयाच्या कुठल्याही जुन्या रेसरला जिना चढताना बघितलंत तर ते कुठे साठलं हे कळेल. डावीकडे नेव्हिगेटर, उजव्या हातात दोन इंजिनांचे दोन दांडे, मूठ सैल. घट्ट धरलेला हात हमखास उशीर करतो. नव्या मुलांना शिकवताना मी आधी बोटं सैल करायला लावायचो, लाटांचं शिक्षण त्यानंतर.

समोरून येणारी लाट निदान दिसते. खरी धास्ती मागून येणाऱ्या लाटांची. बोट लाटांपेक्षा वेगवान असते, म्हणजे ती लाटेच्या पाठीवर चढते, माथ्यावरून सुटते आणि उताराने खाली जात पुढच्या लाटेच्या पाठीत नाक खुपसते. याला आम्ही ‘स्टफ’ होणं म्हणायचो. हिरवं पाणी काचेवरून आत येतं, आणि पट्टा नसेल तर माणूस पुढे फेकला जातो. यावर उपाय थ्रॉटलच, पण सरळ बंद करण्याचा नाही. माथ्यावर पोचताना बोटीला किंचित आवरायचं, आणि उतारावर नाक वर धरण्यापुरती ताकद द्यायची. किती, हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

आणि नेव्हिगेटर! तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाहीत. काउझहून निघून नीडल्स या खडकांच्या बाहेर पडलं की पुढे पोर्टलंड बिलचं टोक येतं. तिथे ओहोटीचा लोंढा वाऱ्याच्या विरुद्ध असला की समुद्र खदखदतो. लाटा आखूड, उभ्या, आणि कुठूनही येणाऱ्या. टोकाच्या अगदी कडेने एक अरुंद, त्यामानाने शांत पट्टा असतो, पण तो खडकांना खेटून जातो. नाहीतर मग कित्येक मैल बाहेरून वळसा. आत की बाहेर हा निर्णय नेव्हिगेटरचा, आणि तो भरतीचं कोष्टक, वारा आणि बोटीची अवस्था बघून, उसळणाऱ्या बोटीत, काही सेकंदांत घ्यायचा. त्यानंतर लाइम बे हा उपसागर. किनारा दिसेनासा होतो. तेव्हा उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं नव्हती, होकायंत्र होतं, आणि त्या हादऱ्यांत त्याची तबकडी अशी डोलायची की तिच्यावर आकडा वाचणं अशक्यच. आमचा नेव्हिगेटर डोलणाऱ्या तबकडीच्या दोन टोकांचा मध्य धरायचा, लाटांशी बोटीचा कोन किती हे पाहायचा आणि सुकाणूवाल्याच्या खांद्यावर थाप मारून दिशा सांगायचा. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे. धुक्यातून टॉर्कीचा किनारा बरोबर नाकासमोर उगवला की त्या माणसाबद्दल काय वाटायचं ते मला अजून नीट शब्दांत मांडता आलेलं नाही.

म्हणून ‘इंजिनच सगळं करतं’ हे वाक्य मी मान्य करणार नाही.

आता मृत्यूंबद्दल. हा तुमचा सर्वांत गंभीर आरोप, आणि त्यामागची काळजी मला कळते.

दिदिए पिरोनीचं नाव मी लेखात घेतलं होतं. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर. १९८२ साली हॉकेनहाइमच्या अपघातात त्याचे पाय चिरडले, पुढे तो बोटींकडे वळला. २३ ऑगस्ट १९८७ रोजी आयल ऑफ वाइटजवळच्या शर्यतीत त्याची ‘कोलिब्री’ एका तेलवाहू जहाजाने उठवलेल्या लाटेवर भरधाव गेली आणि उलटली. तो, बेर्नार जिरू आणि ज्याँ-क्लोद गेनार, तिघंही गेले. यात मला शौर्य दिसत नाही आणि मी ते लिहिलेलंही नाही. मला त्यात दिसते ती लाट. जहाजाची लाट वाऱ्याच्या लाटांमध्ये मिसळत नाही, ती आडवी येते, तिचा ताल वेगळा असतो, आणि थ्रॉटलवाल्याचा हात ज्या तालाला सरावलेला असतो तो तिथे उपयोगी पडत नाही. शर्यतीच्या पाण्यात मोठी जहाजं येऊ द्यायची का, आणि आलीच तर बोटींना आगाऊ कसं कळवायचं, हे प्रश्न नावं घेतल्याशिवाय विचारता येत नाहीत.

इटलीच्या स्तेफानो कासिरागीच्या मृत्यूबद्दल मला आजही राग येतो. मोनॅकोजवळ ३ ऑक्टोबर १९९० रोजी जगज्जेतेपद राखताना त्याची कॅटमॅरन, म्हणजे दोन तळांची बोट, उलटली. सहकारी बाहेर फेकला गेला आणि वाचला, कासिरागी गेला. कॉकपिट, म्हणजे चालवणाऱ्यांची जागा, उघडं होतं. त्यानंतर सर्वोच्च श्रेणीत बंद छत आणि पट्टे सक्तीचे झाले. त्यानंतर! अमेरिकेत काही बोटींवर एफ-१६ लढाऊ विमानांची छतं त्याआधीच बसवली जात होती. म्हणजे उपाय माहीत होता, करता येत होता, आणि तरी उघड्या कॉकपिटमध्ये उभं राहण्याला मर्दानगी समजलं जात होतं. आम्ही सगळे त्याच वातावरणात वाढलो. कॅटमॅरनच्या दोन तळांमधल्या बोगद्यात हवा घुसते, तीच बोटीला उचलते, तिच्यामुळेच वेग मिळतो. आणि नाक प्रमाणाबाहेर वर गेलं की तीच हवा बोटीला मागे उलथवते. अशा बोटीत उघडं बसवणं कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

छताने सगळं भागतं असंही नाही. २०११ साली फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’च्या शर्यतींत एकाच आठवड्यात तीन स्पर्धक गेले. उलटलेल्या बंद बोटीत माणूस जिवंत असतो, पण पाण्याखाली डोकं खाली करून लटकलेला असतो. म्हणून कॉकपिटमध्ये हवेची छोटी टाकी हाताशी हवी, कॅटमॅरनच्या तळाला बाहेर पडायचं झाकण हवं, वरून हेलिकॉप्टर आणि त्यात पाणबुडे हवेत. आणि पाण्यात उलट्या केलेल्या खोक्यातून पट्टा सोडून बाहेर पडण्याची परीक्षा दिल्याशिवाय कुणालाही बोटीत बसू देता कामा नये. हे सगळं मी पुढच्या लेखांतही लिहीत राहणार, गेलेल्यांच्या नावांसकट. नावं गाळली तर नियम कुठून आले ते कुणाला कळणार नाही, आणि नियम कुठून आले हे माहीत नसलेला आयोजक ते खर्चिक वाटले की सैल करतो. असे आयोजक मी पाहिलेत.

आता नातीबद्दल. तिला समुद्राची ओढ आहे आणि ती विचारणार हे मला दिसतंय. उघड्या कॉकपिटच्या वेगवान बोटीत बसू देणार नाही, कुणीही बोलावलं तरी. ती उलटी करण्याची परीक्षा तिने दिली, बोटीला छत आणि टाकी असली आणि आयोजकांचं हेलिकॉप्टर खरोखर हवेत असलं, तर ‘व्ही’ तळाच्या बोटीत नेव्हिगेटर म्हणून बसू देईन. कॅटमॅरन इतक्यात नाही. थ्रॉटल मागितला तर आधी तिला माझ्या शेजारी छोट्या बोटीत उभं करीन, मागून येणाऱ्या लाटांत, आणि तिची बोटं सैल राहतात का ते बघेन.

तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेची वाट बघतो. पेट्रोलबद्दलचा मुद्दा तुम्हाला अजून ताणायचा असेल तर जरूर ताणा. त्यावर डिझेल इंजिनं आणि फाबियो बुझ्झीची १९८४ची ‘व्हाइट इवेको’ ही बोट यांच्याविषयी मला बरंच लिहायचं आहे.