लातूरकराला समुद्राचं काय?

नमस्कार,

'समुद्र नसता तर' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. रोखठोक लिहिलंत, बरं वाटलं. एरवी 'छान लेख' आणि जोडलेल्या हातांपलीकडे इथे फारसं काही येत नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मते हे सगळं कोकणातल्या माणसाचं कौतुक आहे. खारट पाणी ना पिता येतं ना पिकाला देता येतं, अर्धा प्राणवायू समुद्र देतो ही थाप आहे, आणि २०१६ साली ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथल्या माणसापुढे समुद्राची महती गाणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. समुद्रात मोजमापाची यंत्रं सोडण्यापेक्षा तो पैसा तलावांचा गाळ काढायला द्या, असंही तुम्ही म्हणता.

प्राणवायूचं आधी उरकतो. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं समुद्रात होतं, एवढंच मी लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. 'आपला दर दुसरा श्वास समुद्राचा' हे वाक्य व्हॉट्सॲपचं, माझं नव्हे. समुद्रात तयार होणारा प्राणवायू बहुतेक तिथल्या तिथेच संपतो. काही मासे वापरतात, काही जीवाणू वापरतात, उरलेला कुजण्यात जातो. हवेतला आजचा २१ टक्के प्राणवायू ही कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे. मेलेल्या जिवांचा अगदी थोडा भाग न कुजता गाळात गाडला गेला, तेवढ्या हिशेबाचा प्राणवायू मागे राहिला. (ॲमेझॉनला 'जगाचं फुफ्फुस' म्हणणाऱ्यांनाही हेच लागू.) आपल्या अरबी समुद्रात तर साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसतोच. पावसाळी वाऱ्यांमुळे खालचं खतावलेलं पाणी वर येतं, वर प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचं, पीक माजतं, ते मरून खाली कुजतं आणि खालचा प्राणवायू खाऊन टाकतं.

त्यामुळे समुद्राचं महत्त्व प्राणवायूवरून ठरवू नका, इथपर्यंत आपलं जमेल. पण तुम्ही लातूरचं नाव काढलंत, तर बोलू लातूरबद्दलच.

मराठवाड्याचा बराच पाऊस बंगालच्या उपसागरावर तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो, हे तुम्ही बातम्यांत ऐकताच. हे पट्टे तिकडेच इतके का होतात? पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी १९८४ साली दोन सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं, की समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर असेल तरच तिथे पावसाचे मोठे ढग भरपूर जमू शकतात. अरबी समुद्र जूनमध्ये वारा सुटला की घुसळून निघतो, खालचं गार पाणी वर येतं आणि पृष्ठभाग थंडावतो. उपसागर मात्र पावसाळाभर २८ च्या वर टिकून राहतो.

आणि तो टिकतो तुम्ही नावं ठेवलेल्या त्या खारटपणामुळे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी या सगळ्यांचं गोडं पाणी पावसाळ्यात उपसागरात ओततं. समुद्राच्या लीटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते जड. गोडं पाणी हलकं, ते दुधावरच्या सायीसारखं वर धरून राहतं. वारा कितीही सुटो, खालचं गार, जड पाणी सहजी वर येत नाही. वरचा पातळ थर उन्हाने लगेच तापतो, त्यातून वाफ उठते, ढग होतात. वाफेबरोबर मीठ येत नाही, म्हणून तुमच्या सोयाबीनवर पडतं ते गोडं पाणी.

आता नकाशा काढा. तुमची मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी उपसागराला. त्या सायीत लातूरचंही पाणी आहे. वाटा लहान असेल, पण आहे. मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी कृष्णेचं, तीही तिकडेच जाणारी.

२०१६ ची टंचाई मी विसरलेलो नाही. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षं तुटीची गेली, आणि २०१५ ला पॅसिफिक महासागर तापून एल निनो जोरात होता. उसाचा वाटा होताच, त्याबद्दल तुम्ही मागे लिहिलंय त्याच्याशी मी सहमत आहे. पण १९९७ सालीही एल निनो तितकाच दांडगा होता आणि देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली होती आणि तिने सावरून घेतलं, असं मानलं जातं. म्हणजे पाण्याची गाडी लागणार की नाही, याचा बराचसा फैसला अशा समुद्रांत होतो जे लातूरकराने कधी पाहिलेलेही नसतात.

राहिला पैशांचा मुद्दा. गाळ काढाच, त्याला कोण नाही म्हणतंय? पण जगभरच्या समुद्रांत जी जवळपास चार हजार आर्गो यंत्रं तरंगतात, ती दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलवरून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात. आपल्याकडे त्यांची माहिती गोळा होते हैदराबादेत, जिथे समुद्राचा पत्ता नाही. पाऊस किती पडेल याचा जो अंदाज एप्रिलमध्ये येतो, तो काढणाऱ्या संगणकी मॉडेलांना अशीच माहिती लागते. अंदाज चुकतात ही तुमची तक्रार रास्त आहे. पण ते चुकण्यामागे एक कारण असंही आहे, की उपसागराचा तो वरचा पातळ गोडा थर मॉडेलांना अजून नीट पकडता येत नाही. तेव्हा तिथे यंत्रं कमी करून भागणार नाही, वाढवावी लागतील.