सुरी आडवी धर गो

पगाराइतकीच कामावरची नाती महत्त्वाची, असं एका लेखात वाचलं आणि अगदी पटलं. मी वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात 12 वर्षं आहे. आधी गराची साल काढायचे, आता प्रतवारी करते. 240 नंबर म्हणजे पौंडात 220 ते 240 गर. हे आता डोळ्यांआधी बोटांनाच कळतं.

याआधी होते तिथे गराचा तुकडा पडला की मुकादम वजनकाट्याजवळ उभं करून सगळ्यांसमोर बोलायचा. घरी जाऊन मी तो राग पोरांवर काढायचे, अजून वाईट वाटतं. इथे पहिल्याच आठवड्यात माझे गर मोडत होते, तर शेजारच्या काकींनी माझा हात धरून दाखवलं, "सुरी आडवी धर गो, दाबू नको." एवढंच. काम तेच होतं, पण दुसऱ्या दिवशी यावंसं वाटलं.

एमी व्रेझ्नेव्स्की आणि जेन डटन या अमेरिकेतल्या संशोधक बायकांनी 2001 मध्ये इस्पितळातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं होतं. त्यातले काही जण स्वतःला रुग्णाच्या शुश्रूषेचाच भाग समजायचे. खरं आहे ते. पण कामात अर्थ सापडतो म्हणून मजुरी कमी चालेल, असं कुणी समजू नये. काजू फोडणाऱ्या बायकांच्या हाताची कातडी टरफलाच्या तेलाने जाते, तिथे गोड बोलणं पुरत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे हातमोजे आणि पाठीला टेकू असलेल्या खुर्च्या आल्या. त्या दिवशी चहाला सगळ्याजणी किती मोकळ्या हसत होत्या!