'गोल्डफिंगर'मधील सोनेरी अभिनेत्रीच्या मृत्यूबाबत खुलासा

'जेम्स बाँड' मालिकेतील 1964 सालच्या 'गोल्डफिंगर' चित्रपटात अंगभर सोनेरी रंग लावलेली अभिनेत्री त्वचेचा श्वास कोंडल्याने चित्रीकरणातच मरण पावली, असा संदेश पलंगावर पालथ्या पडलेल्या तिच्या छायाचित्रासह सध्या फिरत आहे. शहानिशा न करता मीही तो पुढे पाठवला, याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

ही माहिती खरी नाही. त्या अभिनेत्री म्हणजे शर्ली ईटन. त्यांचे सोनेरी छायाचित्र नोव्हेंबर 1964 मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले, त्यानंतर 1969 पर्यंत त्यांनी चित्रपटांत कामे केली आणि 1999 मध्ये त्यांचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले.

गैरसमजाचे मूळ चित्रपटातच आहे. कॅबरे नर्तकींना असा मृत्यू येतो आणि पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी थोडी जागा मोकळी सोडली तर धोका टळतो, असे स्वतः बाँडच त्यात सांगतो. चित्रीकरणाच्या वेळीही, त्या काळच्या समजुतीला धरून, ईटन यांच्या पोटावरचा थोडा भाग रंगाविना ठेवला होता. प्रत्यक्षात माणूस श्वास घेतो तो फुप्फुसांनी, त्यामुळे नाकतोंड मोकळे असताना कातडीवरच्या रंगाने कोणी गुदमरत नाही. मात्र सर्वांगावरचा जाड थर बराच वेळ राहिल्यास घामाला वाट न मिळून शरीराचे तापमान वाढू शकते, म्हणून हा प्रयोग घरी कोणीही करू नये.

जिवंतपणीच एखाद्या कलावंताच्या मृत्यूची बातमी पसरवणे क्लेशदायक आहे. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा अवश्य कळवावा.