साडेनऊ युरोची मोरी

मला काडिझबद्दल कोणी काही विचारू नका, निदान हा महिना तरी. परत येऊन नऊ दिवस झाले आणि नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या त्या व्हिडिओखाली अजून हसून हसून रडणारी तोंडं येतायत. काल तर आत्याने टाकलं, जिला एरवी व्हिडिओ उघडायला शेजारचा मुलगा बोलवावा लागतो.

काडिझ म्हणजे स्पेनच्या दक्षिणेला अटलांटिकमध्ये घुसलेली जमिनीची जीभ, तिन्ही बाजूंनी समुद्र. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं, त्यांचं गादिर, तीन हजार वर्षं जुनं असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. कोलंबस 1493 ला दुसऱ्या सफरीवर इथूनच निघाला. हे सगळं नवऱ्याने सेव्हिलहून येताना ट्रेनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. मी त्यातलं 'तळलेले मासे' एवढंच ऐकलं.

माझं माहेर मालवणचं आहे हो. आणि काडिझला एक प्रकार मिळतो, कासोन एन आदोबो, म्हणजे छोट्या शार्कचे तुकडे व्हिनेगर, लसूण, जिरं वगैरे लावून मुरवायचे आणि पिठात घोळवून तळायचे. जिरं! स्पेनमध्ये! वास आल्यावर मी जागीच थांबले, म्हटलं अरे ही तर आपली मोरी. तर आमचे पुणेकर म्हणाले, "मोरी? न्हाणीघरातली?" लग्नाला अकरा वर्षं झाली तरी हा विनोद दर ट्रिपला एकदा होतोच.

तर मोरीचा पुडा घेतला, साडेनऊ युरो. रुपयांत हिशेब करायचा नाही असं ठरलेलं, मी केलाच. कॅथेड्रलच्या मागे समुद्राला लागून काम्पो देल सुर नावाचा रस्ता आहे, तिथल्या कठड्यावर बसले. मागे पिवळ्या टाइल्सचा घुमट. हे कॅथेड्रल 1722 ला सुरू करून 1838 ला संपवलं, 116 वर्षं, खालचा दगड वेगळ्या रंगाचा आणि वरचा वेगळ्या, त्यामुळे आपल्या उड्डाणपुलांबद्दल मी आता चकार शब्द काढणार नाही. वारा असा की केस तोंडात, ओढणी नवऱ्याच्या तोंडात. एक तुकडा खाल्ला. खरं सांगते, डोळे मिटले. तीच चूक.

कानाशी फडफड झाली, डोक्यावर काहीतरी ओलसर घासून गेलं, आणि डोळे उघडले तर हातात फक्त कागद. तेलकट, तळाला दोन चुरे. सीगल, ज्याला मराठीत कुरव म्हणतात म्हणे, कसलं गोड नाव, अंगाने आमच्या मांजरापेक्षा मोठा, समोरच्या दिव्यावर बसून माझी मोरी गिळत होता. चावतही नव्हता हो. साडेनऊ युरो, न चावता. नेपोलियनच्या सैन्याने 1810 पासून अडीच वर्षं या शहराला वेढा घातला आणि त्यांना ते घेता आलं नाही, वेढा चालू असताना आत बसून लोकांनी 1812 ची राज्यघटनासुद्धा लिहून काढली. माझा पुडा दोन सेकंदांत गेला.

आणि मग त्या आजी आल्या.

फुलाफुलांचा गाऊन, आपल्याकडे भाजीवाल्यापर्यंत घालून जातात तसला, आणि मागे चाकांची कापडी पिशवी. त्या आल्या, पिशवी माझ्यासमोर आडवी पार्क केली आणि पंचनामा सुरू. तिथले लोक अर्धी अक्षरं गिळतात, काडिझला स्वतःच 'काइ' म्हणतात, त्यामुळे माझं चार महिन्यांचं ऑनलाइन स्पॅनिश 'ओला'लाच, म्हणजे नमस्कारालाच, संपलं. मी मोबाईलवर भाषांतराचं अ‍ॅप उघडून त्यांच्यासमोर धरलं. आजींनी आकाशाकडे हात करून काहीतरी म्हटलं, त्यात "लेवान्ते" होतं. अ‍ॅप म्हणालं, "उठा."

मी उठले. वडीलधारं माणूस सांगतंय, उठले.

आजींनी खांदा दाबून मला खाली बसवलं आणि परत तेच, जरा जोरात. अ‍ॅप: "उठा." मी परत उठले. असं तीनदा झालं, तेव्हा शेजारी गळ टाकून बसलेल्या काकांना दया आली आणि त्यांनी हाताने वारा करून दाखवला. लेवान्ते म्हणजे पूर्वेचा वारा! जिब्राल्टरच्या बाजूने येतो आणि दिवसेंदिवस घोंगावतो. तिथे सगळ्याचं खापर त्याच्यावर फुटतं. झोप नाही आली, लेवान्ते. डोकं फिरलं, लेवान्ते. सकाळी हॉटेलातलं गरम पाणी गेलं तेव्हा रिसेप्शनवरचा मुलगाही हेच म्हणाला होता, मला वाटलं प्लंबरचं नाव.

मग प्रात्यक्षिक. आजींनी माझ्या हातातला रिकामा कागद घेतला, काखेत धरला, पाठीला पोक काढून भिंतीकडे तोंड केलं आणि असं खायचं असतं म्हणून दाखवलं, चोरून, लग्नात दुसऱ्यांदा गुलाबजाम घेतल्यासारखं. मग दुसऱ्या हाताने सीगल झाल्या. माझ्या डोक्यावर झडप घातली. मग परत मी झाल्या, डोळे मिटून, मान मागे टाकून, जीभ बाहेर. मी जीभ बाहेर काढली नव्हती. हे मी नवऱ्यालाही सांगितलंय, ग्रुपवरही लिहिलंय. गळवाले काका हसत होते, एक जोडपं थांबलं, आणि आमचे हे मोबाईल आडवा धरून उभे.

मी अ‍ॅपमध्ये टाइप केलं, "चोरी त्याने केली, मला का रागावताय?" आजींनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, वर गच्च्यांकडे बोट केलं. जूनमध्ये तिथल्या गच्च्यांवर सीगलची घरटी असतात. त्या बोलल्या आणि अ‍ॅपने तो दिवसभरातला एकमेव स्वच्छ मराठी अनुवाद दिला:

"पक्ष्याला मुलं आहेत, तुम्हाला हॉटेल आहे."

आणि पिशवीतून पाव काढला, तुकडा मोडला आणि दिव्याच्या दिशेने भिरकावला. त्याला! वर माझ्याकडे बघून बोट हलवलं, तू असं करू नकोस म्हणून.

आता हसताय तुम्ही, पण मला खरंच राग आला. दादरला गाडीत चढताना माझा मोबाईल गेला होता तेव्हा रिपोर्ट लिहून घेणाऱ्याचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, हातात कशाला धरला होता?" मोबाईल हातात नाही धरायचा, मासा उघड्यावर नाही खायचा, मग मी करायचं काय नेमकं? ज्याचं गेलं त्यानेच हजर राहून उत्तरं द्यायची. आणि चोर दिव्यावर बसून दुसरी प्लेट खातोय.

दुसरा पुडा घेऊ म्हटलं तर दुकान बंद, आता संध्याकाळी साडेआठला. मी आख्खी दुपार केळ्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी तोर्रे ताविरा बघायला गेलो. जुन्या व्यापाऱ्यांनी घरांवर असे शंभराच्या वर टेहळणीचे बुरूज बांधले होते, आपली जहाजं दिसावीत म्हणून. म्हणजे माल सांभाळायला इतके बुरूज आणि माझ्या मालावर नजर ठेवायला एक नवरा, तोही व्हिडिओ काढत. त्या बुरुजात कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे, अंधाऱ्या खोलीत वरच्या आरशातून आणि भिंगातून शहराचं हलतं चित्र पांढऱ्या गोल पडद्यावर पडतं. खूप सुंदर, मान्य. वाळत घातलेले कपडे हलताना दिसतात, माणसं मुंग्यांसारखी. गाइडबाई इंग्रजीत सांगत होत्या, सगळे गप्प, आणि एका गच्चीवर तो दिसला. पांढरा, लठ्ठ, पिसं साफ करत.

"तोच आहे," नवरा कानात म्हणाला.

माझं बोट आपोआप पुढे गेलं. टिचकी मारणार एवढ्यात अंधारातून आवाज आला, "मॅडम, प्लीज डोन्ट टच द स्क्रीन."