रंगाचा वास कांदा शोषत नाही

दसरा जवळ आला की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. घर रंगवताना वास येतोय? खोलीत कापलेला कांदा ठेवा, वास शोषला जातो. कापूर जाळा, हवा शुद्ध होते. माळ्यावरच्या जुन्या डब्याला वास येत असेल तर व्हिनेगर किंवा ब्लीच घालून ढवळा. भिंतीलाच वास येत असेल तर वरून नवा हात मारा. वास गेला की काळजी मिटली. वर 'आजीचा बटवा' असा शिक्का, त्यामुळे शंका घ्यायचीही चोरी.

कापलेला कांदा हवेतलं काही ओढून घेत नाही, उलट स्वतःची गंधकयुक्त द्रव्यं हवेत सोडतो. त्या उग्र वासापुढे रंगाचा वास कमी जाणवतो, एवढंच. रंग पातळ करायला घातलेल्या टर्पेंटाइनची (थिनरची) वाफ खोलीत आहे तशीच राहते. ती घालवायला समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, नाहीतर खिडकीत बाहेर तोंड करून पंखा लावावा. ऑइल पेंट हाताला सुकलेला लागला तरी आत घट्ट होतच असतो. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि त्या क्रियेत अल्डिहाइड नावाची वासाची द्रव्यं बाहेर पडतात. म्हणून दारं रंगवल्यावर कित्येक दिवस वास रेंगाळतो.

कापराचा सल्ला मात्र निव्वळ अविचारी आहे. थिनरची वाफ पेट घेते. जिथे थिनरचा डबा उघडा आहे तिथे देवाची उदबत्तीसुद्धा लावू नये. शिवाय धुराने हवा शुद्ध होते, हे कुणी ठरवलं?

खरी गंमत डब्यात आहे. उरलेलं इमल्शन (पाण्यातला भिंतीचा रंग) वर्ष-दोन वर्षांनी उघडावं, तर झाकणाच्या आत काळे ठिपके, वर गढूळ पाणी आणि सडक्या अंड्यांची दुर्गंधी. पाण्यातल्या रंगाला दाटपणा यावा म्हणून त्यात सेल्युलोजपासून केलेली द्रव्यं असतात आणि जिवाणूंना तेच खाद्य मिळतं. ते वाढू नयेत म्हणून कंपनी औषध घालते. पण पेंटर रंगात नळाचं पाणी मिसळतो, त्यात मळका ब्रश बुडवतो आणि उरलेलं पुन्हा डब्यात ओततो. मग ते औषध पुरत नाही. नासलेला रंग व्हिनेगरने सुधारत नाही, आम्लाने तो दुधासारखा फुटायची शक्यता मात्र वाढते. ब्लीच तर नकोच: रंगात अमोनिया असेल तर घातक क्लोरामाइन तयार होतात, आणि व्हिनेगर व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. असा डबा वापरूच नये. मोरीतही ओतू नये. वाळू मिसळून, सुकवून टाकावा.

असा नासका रंग भिंतीवर आधीच लागला असेल तर? तर 'नवा हात मारा' हा सल्ला तोंडघशी पाडतो. नेहमीचं इमल्शन वास अडवत नाही. हवा दमट झाली की तो परत येतो. भिंत पूर्ण सुकवून त्यावर चपड्याचा (लाखेचा) किंवा तेलाचा, वास कोंडणारा प्रायमर लावावा आणि मगच रंग द्यावा.

जुन्या चाळींत आणि वाड्यांत आणखी एक प्रकार सापडतो: सरस घातलेला डिस्टेंपर. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात, ओल लागली की तो कुजतो. असा डिस्टेंपर कोमट पाण्याने भिजवून खरवडूनच काढावा लागतो, नाहीतर नव्या रंगाचे पोपडे निघणार. आणि वास बुरशीचा असेल तर पेंटरच्या आधी प्लंबरला बोलवा. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती कुठलाही रंग थांबवत नाही.

राहिला 'वास गेला की काळजी मिटली' हा दावा. रंगातलं शिसं विषारी, पण त्याला वास नसतो. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावं, हा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्या-ग्रिलवरच्या एनॅमलमध्ये (चकचकीत ऑइल पेंटमध्ये) ते बरंच जास्त असू शकतं. असा रंग कोरडाच घासला की शिशाची धूळ फरशीवर बसते, आणि रांगतं मूल तोच हात तोंडात घालतं. म्हणून पृष्ठभाग ओला करून वॉटरपेपरने (पाण्यात चालणाऱ्या पॉलिशपेपरने) घासायला सांगा, काम चालू असताना मुलांना आणि गरोदर बाईला त्या घरात ठेवू नका, आणि नंतर झाडू न मारता फरशी ओल्या फडक्यानेच पुसा.